हॉटेल-केटरिंगचा धंदा कशावर वाढतो, आणि ती वाढ कोणाच्या हाती राहते?

प्रश्न कर्वेनगरमधल्या एका तरुण नोकरदाराचा आहे. ते लिहितात: देशातला हॉटेल आणि केटरिंगचा व्यवसाय जोरात वाढतोय असं सगळीकडे वाचतो. माझ्याच रस्त्यावर मात्र दर वर्षी दोन-तीन हॉटेलं उघडतात आणि तितकीच बंद होतात. ही वाढ नेमकी कशामुळे होते? मला महिना ९० हजार भाड्याने एक गाळा मिळतोय, तो घेऊन यात उतरावं का?

मी या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे. सुरुवात नवी पेठेत, शिकायला आलेल्या मुलांच्या डब्यांनी झाली. मग खानावळ, मग लग्न-मुंजींचं केटरिंग, हिंजवडीत दोन कंपन्यांची कॅन्टीन आणि कोथरूडला एक पोळी-भाजी केंद्र. मध्ये चार वर्षं हॉटेलही चालवलं आणि बंद केलं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी बघितल्या आहेत.

आधी मोठा आकडा. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातला हा व्यवसाय ५.६९ लाख कोटी रुपयांचा होता आणि २०२७-२८ पर्यंत तो ७.७६ लाख कोटींवर जाईल. म्हणजे वर्षाला साधारण ८.१ टक्के वाढ. हा हिशोब रुपयांतला आहे, तेव्हा मेनूकार्डावर वाढलेले भावही त्यात आलेच. ताटं किती वाढली हे त्यावरून कळत नाही. शिवाय संघटित भाग, म्हणजे साखळी हॉटेलं वगैरे, बाकीच्यांपेक्षा वेगाने वाढतोय. तुमच्या रस्त्यावर जे दिसतं आणि पेपरात जे छापून येतं, ते दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं ते यामुळे.

आता ही वाढ येते कुठून? माझं उत्तर तुम्हाला घरगुती वाटेल, पण मी ते रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघते. कोथरूडच्या केंद्रावर सहाला पहिला तवा तापतो. साडेसहाला रांग लागते आणि ती पावणेनऊपर्यंत ओसरत नाही. हेल्मेट हातात धरून उभी असलेली मुलगी सांगते, "काकू, आठ पोळ्या, पाव किलो मेथी आणि एक वरण." मागे निवृत्त आजोबा असतात, चार पोळ्या आणि कोशिंबीर. त्यांच्या मागे दोघं बॅचलर. आत पाच मावशी लाटत असतात. त्यांची मजुरी पोळीच्या नगावर, त्यामुळे हात थांबत नाहीत. यातलं कोणीही "हॉटेलात जेवायला" आलेलं नाही. त्यांनी त्या दिवशी घरातल्या ओट्यावरचं फक्त एक काम बाहेर दिलेलं आहे. भात घरी कुकरला लागतो, पोळ्या आमच्याकडून जातात.

या धंद्याची वाढ मोजायची तर हा ओटा मोजावा लागतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. ज्या घरात बाईची नोकरी वाघोलीला आणि घर वारज्याला, तिथे ही २८९ मिनिटं येणार कुठून? त्या घराने दोन पगारांतला एक भाग देऊन वेळ विकत घेतला, म्हणून माझ्या केंद्रासमोर रांग आहे. घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीतही हे दिसतं. शहरी कुटुंबाच्या दरमहा खर्चात पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा २०११-१२ मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास होता, २०२३-२४ मध्ये तो ११ टक्क्यांवर गेला. खेड्यांतही तो आता १० टक्क्यांच्या जवळ आहे. आपल्याला दोन टक्के किरकोळ वाटतात, पण ते देशातल्या सगळ्या शहरांच्या एकूण खर्चाचे दोन टक्के आहेत.

त्यामुळे माणसाची मिळकत वाढली की बाहेरचं खाणं वाढतं, एवढंच म्हणून भागत नाही. मिळकतीबरोबर घरातला वेळ किती कमी झाला, घरात माणसं किती, स्वयंपाकाची बाई मिळते का आणि तिचा पगार किती, हे सगळं बघावं लागतं. पुण्यात बाहेरून आलेली माणसं खूप: विद्यार्थी, आयटीतली मुलं, चाकणच्या कारखान्यांतले कामगार. घर सोडून आलेला माणूस रोज दोन वेळा कोणाच्या तरी हातचं जेवतो. त्या एका गोष्टीवर या शहरातल्या कितीतरी खानावळी उभ्या आहेत आणि माझीही त्यावरच उभी राहिली.

याची दुसरी बाजू मला कॅन्टीनने शिकवली. नोकरी डळमळली की पहिली काट बाहेरच्या जेवणाला बसते. आधी ऑर्डरमधला गोड पदार्थ जातो, मग स्टार्टर, मग आठवड्यातला एक दिवस जातो. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळंच बंद झालं होतं. ५ ऑक्टोबर २०२० ला महाराष्ट्रातली हॉटेलं अर्ध्या क्षमतेने उघडली तेव्हा हॉटेलवाल्यांना जरा श्वास घेता आला, कॅन्टीन मात्र रिकामीच होती. आणि नंतर घरून कामाची जी सवय लागली ती कायमची राहिली. आज माझ्या हिंजवडीच्या कॅन्टीनला मंगळ, बुध, गुरू भरभरून पानं उठतात, सोमवारी आणि शुक्रवारी निम्मी. आचारी मात्र पाचही दिवसांचा पगार घेतो आणि घ्यायलाच हवा. कॅन्टीनचा ठेका घेणाऱ्याने आता रेटबरोबर किमान पानांची हमी लिहून घेतली नाही, तर तीन दिवसांत कमावलेलं दोन दिवसांत जातं.

मालाच्या भावाबद्दल सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस इथेच फसतो. शंभर रुपयांच्या बिलात कच्चा माल ३०-३५ रुपयांच्या आत राहायला हवा, असा आमच्याकडचा जुना ठोकताळा आहे. पण भाव महिन्याला बदलतो आणि आपला रेट वर्षभराचा असतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात दीडशेच्या पुढे गेला. कॅन्टीनचा करार एप्रिलपासूनचा, रेट हलवता येत नव्हता. आम्ही आमटीत आमसूल आणलं, भाज्यांना दाण्याच्या कुटाची आणि चिंचेची बैठक दिली, सार बंद करून सोलकढी ठेवली. जेवणाऱ्यांनी तक्रार केली नाही, उलट सोलकढीच जास्त मागितली. पण पनीरच्या भाज्यांना टोमॅटोशिवाय पर्याय नव्हता आणि त्या महिन्यात कॅन्टीन तोट्यात गेलं. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावच्या बाजारात हाच टोमॅटो कवडीमोल झालेलाही मी बघितला आहे. म्हणून भाव पडल्यावर मला निखळ आनंद कधी होत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि आमची खरेदी स्वस्त झाली. ती स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली हे मला माहीत आहे.

तेलाचं गणित तर थेट परदेशात ठरतं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सूर्यफुलाचं बरंचसं युक्रेन आणि रशियाकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, ती २३ मेपर्यंत. नेमका आमचा लग्नांचा हंगाम. दुसरा फटका घरचाच. २०२४ मध्ये गणपती बसले होते, मी दिवाळीच्या फराळाचे रेट ठरवून गिऱ्हाइकांना कळवले होते, आणि १४ सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेलं. चकली, शेव, चिवडा, सगळं तेलातलं. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून जुन्याच रेटने फराळ दिला आणि त्या दिवाळीत हाती काही उरलं नाही. ३० मे २०२५ ला ते शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं. तेव्हापासून मी फराळाचा रेट कळवण्याआधी तेलाचे डबे भरते. भांडवल अडकतं, पण झोप लागते.

देशपातळीवर हाच हेलकावा बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची किरकोळ महागाई १०.८७ टक्के होती. बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ती उणे ५.०२ टक्के. हॉटेलवाला मेनूकार्ड इतक्या वेळा छापू शकत नाही. माल महागला तेव्हा ज्याने तग धरली, त्याला स्वस्ताईत नफा दिसतो. तग धरायला पैसा लागतो, आणि साखळी हॉटेलं पुढे जाण्याचं मोठं कारण हेच आहे. त्यांच्याकडे वर्षाचे खरेदीचे करार असतात, मध्यवर्ती भटारखाना असतो आणि दोन वाईट तिमाह्या सोसायची ताकद असते. रस्त्यावरच्या उत्तम मिसळवाल्याकडे चव असते, पण दोन महिन्यांचं भाडं बाजूला नसतं.

कराबद्दल लोक फक्त बिलावरचे ५ टक्के बघतात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिगर-एसी हॉटेलला १२ आणि एसीला १८ टक्के होते, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळायची. १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के झाले आणि वजावट गेली. दिवसाला साडेसात हजारांहून महाग खोल्या असलेल्या मोठ्या हॉटेलांचं गणित वेगळं, ते सोडा. गिऱ्हाइकाला हा बदल चांगला झाला. मालकाच्या वहीत काय झालं ते हिशोबाने सांगते. समजा महिन्याची विक्री १० लाख. भाडं १ लाख २० हजार, त्यावर १८ टक्क्यांनी २१,६००. डिलिव्हरी ॲपवरून ३ लाखांची विक्री, २५ टक्के कमिशन धरलं तर ७५ हजार, त्यावर कर १३,५००. कमर्शियल गॅस ५० हजारांचा, त्यावर ९ हजार. बेरीज ४४,१००. यातला एक रुपया परत येत नाही. विक्रीच्या साडेचार टक्क्यांच्या जवळपास रक्कम ही अशी न दिसणाऱ्या करात जाते, आणि पुष्कळ हॉटेलांचा सगळा निव्वळ नफा याच्या दुपटीहून जास्त नसतो. गाळ्याचा मालक जीएसटीत नोंदलेला नसला तरी सुटका नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तो कर नोंदणी असलेल्या भाडेकरूने स्वतः भरायचा आहे. घरगुती लाल सिलेंडरवर ५ टक्के आणि आमच्या १९ किलोच्या निळ्या सिलेंडरवर १८ टक्के, हेही मला पटत नाही. आम्हीही लोकांचं रोजचं जेवणच शिजवतो.

केटरिंगला मात्र करकपातीने खरंच हात दिला, हेही सांगायला हवं. १ ऑक्टोबर २०१९ च्या आधी बाहेरच्या केटरिंगवर १८ टक्के होते. पाचशे रुपये पान, आठशे पानं, बिल चार लाख, आणि वर ७२ हजार कर. मुलीचे वडील समोर बसून हळूच विचारायचे, "ताई, कच्च्या बिलात नाही का होणार?" नाही म्हटलं की काम दुसरीकडे जायचं. ५ टक्के झाल्यावर तेच ७२ हजार २० हजारांवर आले आणि हा प्रश्न विचारणारे खूप कमी झाले. पक्की बिलं वाढली, बँकेत व्यवहार दिसू लागला, त्यावर मला यंत्रांसाठी कर्ज मिळालं. कराचा दर झेपेल असा असला की माणसं आपणहून उजेडात येतात, हे माझं अनुभवाचं मत आहे.

आता माणसं. धंदा वाढण्यात आज सर्वात मोठा अडसर गिऱ्हाइकाचा नसून हातांचा आहे. लॉकडाऊनमध्ये आमची नेपाळ, ओडिशा, उत्तराखंडची मुलं गावी गेली. निम्मी परतली नाहीत. जी मुलं पूर्वी वाढपी म्हणून यायची, त्यांच्यापैकी बरीच आता डिलिव्हरीच्या गाड्या चालवतात. तिथे वेळ त्यांच्या हातात असते आणि कोणी ओरडत नाही. ज्या ॲपने आमची विक्री वाढवली त्यानेच आमची माणसं नेली. मी त्या मुलांना दोष देत नाही. आपल्या धंद्याने वर्षानुवर्षं मुलांना पोटमाळ्यावर झोपवलं आणि पगार उचलीत अडकवून ठेवला, त्याचीही ही भरपाई आहे. आज मी आठवड्याची सुट्टी, वेगळी खोली आणि बँकेत पगार देते. खर्च वाढला, पण माझा मुख्य आचारी अकरा वर्षं टिकला आहे. आणि चव टिकते ती माणसं टिकल्यामुळेच.

लग्नांतली पंगत जाऊन बुफे आला, त्यात हौसेइतकाच हाही भाग आहे. पंगतीला जितके वाढपी लागतात, त्याच्या जवळपास निम्म्यात बुफे निघतो. मात्र बुफेत अन्न जास्त वाया जातं, त्यामुळे मजुरीत वाचलेलं थोडं मालात जातं. दोन्हींचा हिशोब मांडला तर सध्याच्या मजुरीत बुफे स्वस्त पडतो. दहा वर्षांपूर्वी असं नव्हतं.

केटरिंगचं आणखी एक अर्थशास्त्र आहे, ते पंचांगात लिहिलेलं असतं. आमचा भटारखाना, भांडी, टेम्पो, माणसं बाराही महिने पोसावी लागतात आणि कमाई मुहूर्ताच्या दिवशी. २०२४ च्या मे-जूनमध्ये शुक्राच्या अस्तामुळे मुहूर्त फार थोडे होते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे मेच्या हंगामाचा दुसरा अर्धा भाग लग्नांसाठी बंद. मग सगळी गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. एकाच तारखेला पाच कामं, चार नाकारावी लागतात, आणि नंतर महिनाभर कढया पालथ्या. अशा वर्षी डोहाळजेवणं, साठीशांती, वास्तुशांत आणि जावयांची धोंड्याची जेवणं आम्हाला तारतात. २०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही इतके अनारसे तळले की तांदूळ भिजवायला पातेली कमी पडली. ज्याची सगळी मिळकत फक्त लग्नांवर आहे त्याने पुढच्या तीन वर्षांची पंचांगं उघडून मगच नवीन भांडी घ्यावीत.

कर्ज आणि भांडवलाबद्दल थोडंच सांगते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, २०२५ मध्ये उतरत डिसेंबरला ५.२५ झाला. यंत्रसामग्रीच्या हप्त्यावर याचा फरक पडतो, पण धंदा उभा राहणं किंवा बुडणं त्याने ठरत नाही. उलट गुंतवणूकदारांचा पैसा जास्त परिणाम करतो. ॲपवरच्या सवलती त्या पैशातून आल्या, त्यातून मागवून खायची सवय लागली, आणि सवय लागल्यावर सवलतीचा भार हळूहळू हॉटेलवर सरकला. ॲपवर राहूच नका असं मी म्हणणार नाही. फक्त त्या विक्रीचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा. माझं हॉटेल चालायचं तेव्हा मी तो एकत्र ठेवला होता. गल्ला वाढत होता, म्हणून नफा वाढतोय असं वाटत राहिलं. वेगळा काढला तेव्हा कळलं की पार्सलच्या प्रत्येक थाळीमागे आम्ही पदरचे पैसे घालत होतो. तोवर दोन वर्षं गेली होती आणि गाळ्याच्या मालकाने नूतनीकरणाला भाडं तिसऱ्या हिश्शाने वाढवून मागितलं. आम्ही कुलूप लावलं. त्या गाळ्यात नंतर आलेलं हॉटेलही दीड वर्षात गेलं. माझ्या पाहण्यात बाणेर-बालेवाडीला असे कितीतरी गाळे आहेत, जिथे पाटी बदलते आणि भाडं फक्त वाढत जातं. तुमच्या रस्त्यावर दिसतं ते हेच: तिथे धंदा वाढतोय, पण ती वाढ हॉटेलवाल्याच्या हाती पोचण्याआधी भाड्यात मुरते.

म्हणून आता तुमच्या गाळ्याकडे. आमच्यात भाडं तीन, फार तर चार दिवसांच्या विक्रीत निघालं पाहिजे असं मानतात. ९० हजार भाडं साडेतीन दिवसांत काढायचं तर रोजची विक्री २५ हजारांच्या वर हवी. कर्वेनगरात माणशी १८० रुपये धरले तर रोज साधारण १४३ माणसं, तीसही दिवस, पावसातही आणि महिनाअखेरीलाही. वर त्या भाड्यावरचे १६,२०० रुपये कर आलाच, तुम्ही किंवा गाळ्याचा मालक जीएसटीत नोंदलेले असाल तर. हा गाळा बसून जेवायच्या हॉटेलसाठी असेल तर मला तो जड वाटतो. त्याच रस्त्याच्या आतल्या गल्लीत तिसऱ्या हिश्शाच्या भाड्यात पोळी-भाजी, डबे आणि महिन्याला दोन-चार घरगुती कार्यक्रमांची कामं, असं सुरू केलंत तर चुका स्वस्तात होतील.

तरी गाळा आवडलाच असेल तर त्याच्यासमोर उभे राहा. एक मंगळवार, एक शनिवार आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस, संध्याकाळी सात ते दहा. शेजारच्या दोन हॉटेलांत किती माणसं आत गेली, किती पार्सलं घेऊन मुलं बाहेर पडली, हे वेगवेगळं लिहा. गाडी लावायला जागा न मिळाल्याने किती जण पुढे गेले तेही लिहा. ते आकडे घेऊन या, आपण बसून हिशोब मांडू. डिपॉझिट तोपर्यंत देऊ नका.